गासडी झालेला जावई

॥ श्री ॥

मुक्काम हिवरखेड, फाल्गुन महिना. (तिथी लिहिली असती, पण पंचांग फडताळाच्या खालच्या कप्प्यात आहे आणि तिथवर वाकवत नाही.)

राजश्री वामनराव साडभाऊ यांच्या सेवेशी खुशालराव याचा साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी सध्या माझी थोडीच अंगं माझं ऐकतात. राहिलेली जसजशी ताळ्यावर येतील तसतसा नमस्कार पुरा करीन, तोवर एवढ्यावर गोड मानून घ्यावे. इकडील सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बाकी हे पत्र मी उभ्याने, ज्वारीच्या कणगीच्या झाकणावर कागद ठेवून लिहितो आहे, यावरून काय ते ओळखावे.

तुमचं पत्र पोचलं. तुमची कंबर अजून तशीच धरलेली आहे हे वाचून फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर किंचित बरंही वाटलं, की आपण एकटेच नाही. (हे कोणाला वाचून दाखवू नका.) वच्छलाबाईंना माझा नमस्कार सांगावा. सुभद्रा तुमच्याकडेच आहे, कोणाशी बोलत नाही, आणि भाकरी मात्र अशी थापते की शेजारपाजारचे लोक भिंत पडली का म्हणून विचारायला येतात, असं तुम्ही लिहिलंत. राहू द्या तिला. बायको आपल्या थोरल्या बहिणीकडे राहिली तर काय बिघडलं? माझं इथे उत्तम चाललं आहे. बेसन आणि भात मला करता येतो, आणि दोन्ही एकाच भांड्यात शिजवले तर भांडीही कमी लागतात. नंतर ते भांड्यातून निघत नाहीत ही गोष्ट वेगळी. तेव्हा हे पत्र मी तिच्यासाठी लिहितो आहे असं तिला मुळीच वाटू देऊ नका. तुम्ही एक प्रश्न विचारलात, त्याचं हे उत्तर आहे, बस्स.

तुमचा प्रश्न असा की, खोल रगडून घेणं म्हणतात ते काय असतं आणि ते मला मानवेल का? तर ऐका. अंगाला तेल चोळणं वेगळं. ते आपल्या घरी दिवाळीला होतंच. कातडीला बरं वाटतं, डोळे मिटतात, न्हाणीघरातून हाका येतात. रगडणं म्हणजे कातडीच्या खाली जे मांस रुसून, गाठी मारून बसलेलं असतं, त्याच्या घरात शिरून त्याला उठवणं. त्यासाठी अंगठा, कोपर, टाच, माणसाजवळ जे काही टणक असेल ते लावतात, आणि सावकाश, बोटाबोटाने सरकतात. दुखतं. पण जाणत्याच्या हाताखाली जे दुखतं ते ‘हाय’ आणि ‘वा’ यांच्या मधलं असतं. नुसतं ‘हाय’च निघत असेल तर उठून चालू लागावं. हे मला आता कळलं. ज्या दिवशी कळायला हवं होतं त्या दिवशी मी उठून चालू लागण्याच्या अवस्थेत नव्हतो.

माझी कंबर गेली कशी ते आधी सांगतो. यंदा कापसाने काय मांडलं आहे ते तुम्हाला अमरावतीत बसून माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणतात की सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा एकाच देशाच्या लोकांत भाऊबंदकी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि म्हणून साहेब आपल्या कापसामागे धावत सुटला आहे. भांडण त्यांचं आणि कंबर माझी! अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग पार मोर्णेच्या पात्रात उतरली होती. माझी गाडी जरा हलली तशी मागचा एक गाडीवाला मध्ये घुसू लागला, म्हणून त्याला चार शब्द सुनावायला मी भरल्या गाडीवरून उडी मारली. शब्द तोंडातच राहिले. कंबरेत असं काही झालं की मी जमिनीवर पोचलो तो चार पायांचा होऊनच. तो गाडीवाला भला माणूस निघाला. त्याला वाटलं हे गृहस्थ पाया पडून विनंती करताहेत, त्याने हात जोडले आणि गाडी मागे घेतली.

आणि आपल्या धाकट्या मेहुणीचं, मनकर्णाचं, लग्न तर तोंडावर आलेलं. सासऱ्यांना, नत्थुजींना, मुलगा नाही. तुम्ही थोरले, पण कंबर धरून अमरावतीत पडलेले. म्हणजे रिद्धपूरच्या मांडवात जावई म्हणून मिरवायचा मान माझ्याकडे आला. मिरवायला माणूस निदान उभा राहिला पाहिजे. सुभद्रा लग्नाच्या तयारीसाठी आधीच माहेरी गेली होती. (ती घरी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. ती माझ्या कंबरेवर गुडघा ठेवते आणि शेजारीण काय म्हणाली, घरातलं काय संपलं, तिच्या आईचं माझ्याबद्दल काय मत आहे, हे सगळं सांगून होईतो दाबत राहते. सांगून झालं की मी सरळ उठतो. पण ते असो, तो आपला विषय नाही.)

जुन्या शहरातल्या तालमीत अंग रगडणारे दोघं-तिघं पहिलवान होते हे मला माहीत होतं. काठी टेकत गेलो तर तालमीत एक कोंबडी माती उकरत होती, दुसरं कोणी नाही. सगळे पहिलवान व्यापाऱ्यांच्या कापसावर राखणीला लागलेले. खाटेवर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे वटारायचे आणि दोन वेळा पोटभर जेवायचं, एवढंच काम. ते सोडून माझी कंबर धरायला कोण येतो? एकाने तर मला डोळेही वटारून दाखवले, सवयीने.

तेव्हा मला बद्रुद्दीन सुचला. माझा मलाच सुचला, दोष दुसऱ्या कोणाचा नाही. बद्रुद्दीन जुन्या शहरातलाच, माझ्या चांगल्या ओळखीचा, स्वभावाने साखर आणि पायाने हत्ती. कापसाच्या आवारात गासड्या भरणं हे त्याचं काम. तुम्ही पाहिलंच असेल: खड्ड्यावर लाकडी चौकटीला भला मोठा बोरा टांगतात, हा आत उतरतो, वरून कापूस टाकत जातात आणि हा पायांनी तुडवत, मुसळाने ठासत जातो. आधी बाहेरून काहीच दिसत नाही, मग त्याची टोपी वर येते, मग दाढी, मग छाती, आणि शेवटी बोरा भरतो तेव्हा बद्रुद्दीन त्याच्यावर पुरा उगवून उभा असतो. मग खाली उतरून बोऱ्यावर मूठ ठोकतो. ‘भद’ वाजलं तर पुन्हा वर चढतो. ‘ठक’ वाजलं की दाभणाने तोंड शिवतो, दोरीने आवळतो आणि दुसरा बोरा घेतो. त्याच्या गासडीवरून गाडी गेली तर चाक मोडतं, अशी त्याची ख्याती. मी मनात म्हटलं, ज्याला एवढा कापूस दाबता येतो त्याला एक खुशालराव काय जड आहे?

त्या बिचाऱ्याने आढेवेढे घेतले. म्हणाला, “मालक, म्या आजलोक माणूस नाही दाबला. कापूस वरडत नाही, तुमी वरडसान.” मी त्याला शब्द दिला की मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. साडभाऊ, माणसाने आयुष्यात कोणताही शब्द द्यावा, हा देऊ नये.

रिकाम्या बोऱ्यांवर त्याने मला पालथं घातलं. जवसाचं तेल कोमट करून पाठीवर ओतलं. इथवर सगळं सुखाचं होतं, मला तर डुलकी लागत होती. मग त्याने वरची आडवी बल्ली दोन्ही हातांनी धरली आणि तो माझ्यावर चढला. डुलकी गेली ती आजतागायत नीट आलेली नाही. पण मला एक गोष्ट ऐकून ठाऊक होती की रगडताना अंग सैल सोडावं, आखडून धरू नये. म्हणून मी शहाण्यासारखं अंग सैल सोडलं. बद्रुद्दीनने खांद्यापासून कंबरेपर्यंत टाचांनी एक फेरी मारली, खाली उतरला आणि माझ्या पाठीवर मूठ ठोकली. ‘भद’ वाजलं. “ढिल्लं हाय अजून,” म्हणाला आणि पुन्हा चढला.

तुमच्या लक्षात येतं आहे का? जगातला झाडून सारा रगडणारा वर्ग माणसाची पाठ मऊ होईतो रगडतो. आमचा बद्रुद्दीन ती टणक होईतो रगडत होता. मी जितका सैल पडावा, तितका तो मनापासून जोर लावी. त्याचं कामच तसं, त्यात त्याला लाज वाटण्यासारखं काही नाही. सैल गासडी बाहेर पडली तर नाव कोणाचं जातं? मी “बस, बस” म्हणून ओरडलो, तर वरून मायेने उत्तर आलं, “तुमीच म्हनलं व्हतं ना मालक, बोलनार नाही म्हनून. बोलू नका.” शेवटी भीतीने माझं सगळं अंग, पायाच्या अंगठ्यापासून शेंडीपर्यंत, लाकडासारखं ताठलं. त्याने मूठ ठोकली. ‘ठक’. “हां! आता झाली!” तो आनंदाने म्हणाला, आणि सवयीने त्याचा हात दाभणाकडे गेला.

दाभण त्याने लगेच खाली ठेवलं, स्वतःच ओशाळून हसला. पण बांधणं काही सोडलं नाही. दाबलेला माल आवळला नाही तर फुगतो, हे त्याचं पक्कं मत. काखेपासून मांडीपर्यंत गोणपाटाची पट्टी, वरून दोरी, आणि दोरीला ती गाठ जी कापसाच्या आवाराबाहेर कोणाला सुटत नाही. “लगीन होईलोक सोडू नका, नाहीतर सारी मेहनत वाया,” म्हणाला. मला उभं केलं तेव्हा मी खांबासारखा सरळ होतो आणि कंबर दुखत नव्हती. दुखणार कशी, तिला हलायलाच जागा नव्हती. मलाही नव्हती. श्वास अर्धा यायचा, आणि एका श्वासात दोन शब्दांच्या वर काही निघायचं नाही. अंगरखा वरून घातला की यातलं काहीच दिसत नसे. उलट असा रुबाबदार दिसायचो की आवारातल्या दोघांनी मला न ओळखता वाकून रामराम केला.

बसता येत नव्हतं म्हणून रिद्धपूरपर्यंत गाडीत आडवाच गेलो. वारा लागू नये म्हणून गाडीवानाने वरून एक बोरा पांघरला. वाटेत एका पाण्याच्या ठिकाणी, दिवस कलताना, बैल सोडले. तिथे एक दलाल फिरत होता. त्याला वाटलं, गाडीत गासडी आहे (आणि तसं पाहिलं तर त्याचं काय चुकलं?). बोऱ्याच्या तोंडातून माझी शेंडी बाहेर आली होती. ती त्याने चिमटीत धरून ओढली, उजेडाकडे केली, दोन बोटांत पिळून पाहिली आणि गाडीवानाला म्हणाला, “धागा लंबा हाय, पण माल मागच्या सालचा दिसते.” मी आतून दोनच शब्द बोललो. ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत, पण पुरेसे होते. तो दलाल अजून धावत असावा.

आता मांडवातलं. तुम्ही तिथे नव्हतात, तुमच्या कानावर फक्त वच्छलाबाईंच्या तोंडची हकीकत आली आहे, म्हणून खरी ही ऐका. पंगत मांडली होती. जावयाचा पाट मधोमध, भोवती रांगोळी, उदबत्त्या. सासूबाई पार्बताबाई माझे पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. नत्थुजी म्हणाले, “बसा जावईबापू.” मी म्हटलं, “नाही बसत.” दोन शब्दच मावत होते, त्याला मी काय करू? बाकीचं पुढच्या श्वासात सांगणार होतो. पण तेवढ्यात बायकांच्या बाजूने एकीचा आवाज आला, “रुसले वाटते!”

जावयाने मांडवात रुसायचं आणि सासऱ्याने त्याची समजूत काढायची, ही आपली जुनी रीत तुम्हाला मी काय सांगू? (तुमच्या रुसण्यात घोडी आली होती, आणि तिने तुम्हाला वेशीवरच पाडलं होतं, हे गावात अजून सांगतात.) त्यातली मेख अशी की रुसलेल्याने काय हवं ते तोंडाने सांगायचं नसतं. डोकं दुखतं म्हणायचं, भूक नाही म्हणायचं, आणि ओळखायचं ते सासरच्यांनी. मी नत्थुजींना जवळ बोलावलं, त्यांनी कान वर केला, मी सरळ खरं तेच सांगितलं: “कंबर धरली.” ते माझ्याकडे पाहून गालात हसले. म्हणाले, “समजलो. आमच्या लग्नात माहा गुडघा धरला व्हता.” त्यांच्या गुडघ्यातून त्या वेळी दुभती म्हैस निघाली होती म्हणे!

त्यात तुमची भर. थोरला जावई कंबरेमुळे येत नाही असा तुमचा निरोप आदल्याच दिवशी आलेला. दोन्ही जावयांच्या कंबरा एकाच मुहूर्तावर जातात, यावर कोण विश्वास ठेवील? सगळ्यांची खात्रीच पटली की आपण दोघांनी मिळून ठरवलं आहे.

मग सुरू झालं. आधी शेला आला. मी मान हलवली. (मान तेवढी बद्रुद्दीनने मोकळी ठेवली होती.) अंगठी आली. मी आणखी जोरात मान हलवली. मागे कोणी तरी कौतुकाने म्हणालं, जावई पक्का आहे. नत्थुजींना चेव चढला. यंदा कापूस असा पिकलेला, सारा गाव बघतो आहे, आणि नत्थुजीचा जावई उपाशी उभा? म्हैस आणवली. ती मांडवातच आणली आणि तिने दाराचं तोरण खाल्लं. मग माझ्या गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकून देतो म्हणाले. मी “नको नको” म्हटलं, आणि तेवढ्यात श्वास संपला. या गडबडीत खरा नवरदेव, देवीदास, खांबाआड जाऊन रीतसर रुसून बसला होता. त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. शेवटी भूक अनावर झाली तेव्हा तो आपणच येऊन पंगतीत बसला आणि हाताने वरण वाढून घेतलं. आपला नवा साडभाऊ सालस आहे, मला आवडला.

सुभद्रा बायकांच्या पुढेच उभी होती. तिची आई तांब्या घेऊन अजून तशीच ताटकळत होती आणि ही माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला इथे कणगीपाशी उभं राहूनही दिसतं. तोवर मला दोरी बोचत होती, त्या वेळी दोरीचं भानच गेलं. तिला हाक मारून, अंगरखा वर करून ती गाठ दाखवावी असं शंभरदा वाटलं. पण भर मांडवात, वऱ्हाडी मंडळींसमोर, जावयाने अंगरखा वर करून गोणपाट दाखवलं तर नत्थुजींची मान खाली गेली असती. आणि दोन शब्दांत काय काय सांगणार?

तेवढ्यात मागच्या दाराने नत्थुजींनी त्यांची पांढरीशुभ्र बैलजोडी आणवली. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा. ती जोडी त्यांनी लहानपणापासून हाताने चारलेली, हे मला ठाऊक होतं. म्हातारा एका बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मला राहवेना. ठरवलं की काय व्हायचं ते होवो, वाकून पाय धरायचे आणि हा प्रकार थांबवायचा. मी सगळा जीव एकवटून वाकलो. बद्रुद्दीनची गाठ सुटली नाही (ती सुटत नाहीच), पण दोरी तुटली. अंगरख्याच्या आत बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि मी मागच्या मागे धपकन बसलो. कुठे? बरोबर पाटावर. आणि केव्हा? नत्थुजींच्या तोंडून “ही जोडी तुमाले देल्ली” हे शब्द निघाले, अगदी त्याच क्षणी.

मांडवात अशी आरोळी उठली की म्हैस सुटून पळाली. वाजंत्री वाजू लागली. सासूबाईंनी मी पुन्हा उठायच्या आत घाईघाईने माझे पाय धुऊन टाकले, सोबत धोतरही धुतलं गेलं. सगळे हसत होते. सुभद्रा हसली नाही. ती तिच्या बहिणीला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “बैलजोडी पाह्यल्याबिगर ज्याची कंबर वाकत नाही, त्याच्या घरी मी नाही येत.” आणि ती वच्छलाबाईंच्या गाडीत जाऊन बसली. मी तिच्या मागे धावलो असतो, साडभाऊ, पण आता मला उठता येईना. बसायला बैलजोडी लागली, उठवायला चार माणसं लागली, आणि ती माणसं जमेपर्यंत तुमची गाडी गावाबाहेर गेली होती. त्या चौघांनी मला उभं केलं तेव्हापासून मी आडवा होतो किंवा उभा असतो, मधलं काही जमत नाही.

तर आता तुमचं उत्तर. रगडून घ्यावं का? जरूर घ्यावं, पण माणसं दाबणाऱ्याकडून घ्यावं, माल दाबणाऱ्याकडून नव्हे. आधी हातावर दाबून दाखव म्हणावं. मणक्याच्या हाडावर चढू देऊ नये, बाजूच्या मांसातून शिरू द्यावं. ताप असेल, सूज असेल, ताजा मार असेल तर त्या वाटेला जाऊ नये. रगडल्यावर दुसऱ्या दिवशी अंग ठणकतंच, तो दिवस खाटेवर काढावा, मांडवात नव्हे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, जिथे दुखेल तिथे दुखतं म्हणून सांगावं, वेळेवर आणि मोठ्याने. यावरून पाहता तुम्हाला ते छान मानवेल. तुम्हाला मुंगी चावली तर बडनेऱ्यापर्यंत कळतं. माझ्यासारख्या भिडस्ताने मात्र या भानगडीत पडू नये, भीड ठेवून गप्प बसलं की लोक पाठीवर चढतात आणि वर काय हवं तेही आपल्या मनानेच ठरवतात.

असो. पत्र लांबलं, कणगी उंच आहे म्हणून मानही भरून आली. वडील मंडळींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि तुमच्या कंबरेला माझ्या कंबरेकडून खास विचारपूस.

आपला,
खुशालराव

ता. क. सुभद्राला हे पत्र वाचून दाखवलंत तर माझी हरकत नाही. फक्त बेसन-भाताचा मजकूर गाळावा. तो सगळा खोटा आहे. बेसन करपतं आणि भात कच्चा राहतो.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्या दमणीतून येतं आहे तिला तीच बैलजोडी जुंपली आहे. शेला, अंगठी वगैरे मी तिथेच पाटाशी ठेवून आलो होतो, पण बैल नत्थुजींनी मागाहून माझ्या गोठ्यात आणून बांधले, म्हाताऱ्यापुढे माझं काही चाललं नाही. ते इथे आल्यापासून पोटभर खात नाहीत, रिद्धपूरच्या दिशेला तोंड करून उभे असतात. मी आणि ते, तिघं मिळून उभे असतो. सुभद्राने याच दमणीत बसावं, आधी माहेरी जाऊन बैल तिच्या हाताने बापाच्या दावणीला बांधावेत, आणि मग त्यांच्या कोणत्याही गाडीने घरी यावं. तुम्हालाही वच्छलाबाईंच्या हाती चांदीचा पानाचा डबा पोचला असेल. तो तुमच्या कंबरेची समजूत काढण्यासाठी होता. त्याचं काय करायचं ते तुमच्या मनावर.

ता. क. तिसरा. दमणी हाकणारा बद्रुद्दीन आहे. साक्षीदार म्हणून पाठवतो आहे. तुटलेली दोरी त्याच्याजवळ आहे, आणि मला कसं दाबलं, कसं बांधलं, हे तो सुभद्रापुढे शपथेवर सांगणार आहे. पण एक सांभाळा. त्याच्याकडे पाठ करून निजू नका. त्याचं ठाम म्हणणं आहे की काम चोख झालं होतं, दोरी तेवढी जुनी निघाली. या वेळी त्याने नवी दोरी बरोबर घेतली आहे, आणि तुमची कंबर धरली आहे हे माझ्या तोंडून निघून गेलं आहे.

ता. क. चौथा आणि शेवटचा. पत्र घडी करताना खाली पडलं, ते उचलायला वाकलो, आणि कंबर पुन्हा धरली, कसाबसा उभा झालो. आता मात्र मी खरंच रुसलो आहे. सुभद्राला सांगा, दाराशी उभा आहे आणि ती येईपर्यंत बसणार नाही. ओळखत बसू नका, तर्क लढवू नका, शेला-म्हैस काही पाठवू नका. मला काय हवं ते या वेळी तोंडाने सांगतो: ती हवी.